पूजेला बसलेली हार्ड डिस्क

थांबा, हे आत्ताच सांगायचंय. दसऱ्याची भांडी अजून सिंकमध्ये पडलीयेत, आईने दोन हाका मारून झाल्यात, तिसरी हाक नसते, तिसऱ्यांदा ती स्वतःच येते. तरी आधी हे. पोटात मावतच नाहीये.

तर मी दापोड्याला एका गाळ्यात कामाला आहे. तिथे जुने कम्प्युटर येतात. कुठलं ऑफिस बंद पडलं, कोणी नवीन घेतले, की ह्यांची पोती भरून आमच्याकडे. आम्ही ते ठीकठाक करून परत विकतो. त्यात माझं काम हार्ड डिस्क पुसण्याचं. फडक्याने नाही हो! हे सांगावं लागतं, कारण माझ्या मावशीने एका स्थळाला "पोरगी कम्प्युटर पुसते" असं कौतुकाने सांगितलं होतं. ते लोक परत फिरकले नाहीत. मी अजून त्यांचे आभार मानते.

लोकांना वाटतं, डिलीट मारलं की गेलं. डिलीट म्हणजे काय माहितीये? गोडाऊनवरची पाटी काढली. माल आत तसाच. फॉरमॅट मारलं, म्हणजे वॉचमनला सांगितलं की गोडाऊन रिकामं आहे. माल तरी आत तसाच! खरं पुसायचं तर आतल्या प्रत्येक कोपऱ्यावर दुसरं काहीतरी लिहून काढावं लागतं, सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याला तासन् तास लागतात आणि मधे बंद पडलं तर पुढचा माल शाबूत. हे मी घरी शंभरदा सांगितलंय. घरचे शंभरदा "बरं" म्हणालेत.

आता मुद्दा. आमच्या काल्हेरला एक डॉक्टरबाई आहेत. भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. बायकांचा दवाखाना. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर झाली, त्यात मी पण. आता गुडघे चालत नाहीत म्हणून दवाखाना बंद केला त्यांनी. सामान गेलं, खुर्च्या गेल्या, आणि मग मला बोलावून एक डिस्क हातात दिली, रुमालात गुंडाळून.

"बेटा, ह्यात माझ्या सगळ्या बायका आहेत," त्या म्हणाल्या. "कोण कशासाठी आली. घरी काय सांगून आली आणि मला काय सांगितलं. मी शब्द दिलाय एकेकीला, ह्या खोलीतून बाहेर जाणार नाही. तुझ्या शेठला देऊ नकोस, भंगारवाल्याला तर नाहीच. तू स्वतः पूस. दसऱ्याला सोनं घेऊन येते तुमच्याकडे, तेव्हा फक्त झालं म्हण."

मी म्हटलं, समजा झालंच.

आणि हे किती मोठं काम आहे ते मला कळत होतं, कारण मी ह्याच गावची आहे. आमच्याकडे एखादी बाई दवाखान्याची पायरी चढली, की ती उतरायच्या आत ती का चढली ह्यावर मतदान होऊन निकाल लागलेला असतो. ही डिस्क भंगारात गेली आणि कोणा रिकामटेकड्याने उघडली, तर निकालाबरोबर पुरावे पण! कितीतरी बायकांचे संसार त्या एका डबीत होते.

म्हणून गाळ्यात न नेता मी ती घरी लावली. खंडेनवमीला सुट्टी होती. सकाळी लॅपटॉपला जोडली, पुसणं चालू केलं, पट्टी हळूहळू पुढे सरकायला लागली. निम्मंसुद्धा झालं नव्हतं आणि मी आंघोळीला गेले. आंघोळीला! माणसाने आंघोळ पण करायची नाही का?

कारण आमच्या घरात खंडेनवमीला काय होतं ते ऐका. बाबांची शेती गेली, तिच्यावर गोडाऊनं आली, भाडं आलं, पण कोयता आहे. वर्षभर माळ्यावर असतो, नवमीला खाली येतो. त्याच्या शेजारी पाण्याची मोटर, मिक्सर, ड्रिल मशीन, दारात गाडी. ज्याला वायर आहे किंवा धार आहे त्याची पूजा. गेल्या वर्षी फ्रीजला हार घातला होता, दार उघडलं की झेंडूच्या पाकळ्या डाळीत.

बाहेर आले तर लॅपटॉप बंद. वर कुंकवाचं स्वस्तिक. आणि डिस्क पाटावर! कोयता आणि मिक्सरच्या मधोमध. उताणी, सर्किटची हिरवी पट्टी वर करून, हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. आणि बाबा दुसऱ्या फुलाने तिच्यावर पाणी शिंपडतायत. प्रेमाने.

"बाबा! चालू मशीन कोणी बंद केलं?"

"मी केलं. आज मशीनला सुट्टी असते. वरीसभर राबतं बिचारं."

"ते पुसत होतं!"

"मंग उद्या पुसंल. पाया पड."

पाया पडले. काय करणार? मग डिस्क उचलली, पुसली (ह्या वेळी फडक्याने), पंख्याखाली सुकवली आणि लावून पाहिली. एक बारीकसा वास आला. वायर जळल्याचा आणि उदबत्तीचा मिळून. लॅपटॉपला डिस्क दिसेचना.

बाबा खूश! "बंद पडली ना? मंग झालं की तुजं काम. मेलेला मानूस कोनाला काय सांगतो?"

"बाबा, हा मेलेला माणूस सगळं सांगतो! वरची पट्टी जळलीय नुसती. आतल्या चकत्या धडधाकट आहेत. कोणी जाणकाराने पट्टी बदलली की अर्ध्यापुढचं सगळं वाचता येईल."

"कोन बदलतंय? लोकांना काय कामंधंदे न्हाईत?"

हे वाक्य आमच्या गावात उभं राहून बोलायला हिंमत लागते.

म्हटलं ठीक आहे, सॉफ्टवेअर गेलं, ड्रिल आहे. आरपार चार भोकं पाडते, विषय संपला. ड्रिल घ्यायला वाकले तर बाबा मधे उभे.

"पूजेच्या वस्तूला भोक पाडतंस? नवमीला? आनि तेपन पूजेच्याच ड्रिलनी?"

म्हणजे गुन्हा दुप्पट.

"मग काय करायचं तिचं?"

"निर्माल्यात टाक. जेवलो का खाडीवर जाऊन सोडतो."

झालं! देवाच्या नावाने डेटा सिक्युरिटी. मी समजावलं. खाऱ्या पाण्याने वरचा डबा गंजेल, आतलं पुसलं जात नाही. ओहोटीला ती चिखलात वर येईल. खाडीवर लोखंड वेचणारे रोज फिरतात, ते उचलतील, धुतील, बाजारात विकतील. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि आईला म्हणाले, "वरनात मीठ हाय ना बरोबर?"

मग ते गाड्यांना हार घालायला गोडाऊनवर निघून गेले. भाडेकऱ्यांच्या ट्रकांना पण हार. ट्रकवाल्यांना विचारत नाहीत.

आता राहिली आई. निर्माल्याची पिशवी ओट्याजवळ, डिस्क त्यात, आई पुऱ्या तळतेय.

"आई, ती खाडीत नको ना जाऊ देऊस."

"तू कम्प्युटर शिकलीस, देवाचं न्हाय शिकलीस. पुजलेली वस्तू पान्यातच जाते."

"अगं पण तिच्यात लोकांचं खाजगी आहे."

"असंल. देवाच्या म्होरं कसलं खाजगी?"

कोणाचं खाजगी ते सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण बाबा जेवायला येणार, जेवून पिशवी उचलणार, आणि मग संपलं. शेवटी म्हटलं, आत काय आहे ते कुठे सांगतेय, कोणाची आहे एवढंच सांगते.

"आई, ती डॉक्टरबाईंच्या दवाखान्याची आहे."

पुरी झाऱ्यावर तशीच राहिली.

"आपल्या डॉक्टरबाई?"

"हो."

"म्हंजे सगल्या बायकांचं त्याच्यात?"

"सगळ्यांचं."

"जुनं पन?"

"जुनं पण उरलंय गं बहुतेक."

आईने गॅस बंद केला. सणाच्या दिवशी, अर्ध्या पुऱ्या राहिलेल्या असताना आमच्या आईने गॅस बंद केला! मी जन्मात हे पाहिलेलं नाही. पिशवीत हात घालून तिने डिस्क बाहेर काढली, पदराने झेंडू झटकला.

"खाडीत टाकून खरंच जात न्हाय?"

"खरंच नाही."

"मंग कसं जातं?"

"फोडून."

"मंग मगासपासून पुस्तकावानी काय बोलत होतीस? फोडून जातं असं सरल सांगाचं ना!"

घ्या. चूक माझीच.

पण पूजेचं काय? तर आई देवाच्या बाबतीत बाबांपेक्षा फार पुढे आहे. बाबा पूजा करतात, आईला पूजा उतरवता येते. तिने डिस्क परत पाटावर ठेवली, हात जोडले, अक्षता टाकल्या आणि डिस्क जागेवरून जराशी हलवली. गणपतीला हलवतात ना उत्तरपूजेला, तशी. तिथे देवाला परत या असं म्हणायचं असतं. आईने ओठ उघडले, थांबली, डिस्ककडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाली, "तू नको येऊस."

मग माझ्याकडे वळून, "आता हा देव न्हाय. पत्रा हाय. कोनच्या पान्यानी खुलतो?"

मी स्टारचा स्क्रू ड्रायव्हर आणला. झाकण काढलं, आतल्या चकत्या काढल्या. आरशासारख्या असतात त्या. आईने एक हातात घेऊन उजेडात धरली. तिचा चेहरा दिसला त्यात, कपाळाचं कुंकू पण दिसलं.

"ह्यात हाय सगलं?"

"ह्यात."

"दिसत तं काय न्हाय."

"तोच तर घोळ आहे ना."

आम्ही मागच्या ओट्यावर पाटा मांडला. आईने वरवंटा घेतला आणि असा हाणला, असा हाणला, की पलीकडून काकी कुंपणावर आली.

"काय गो कुटताय सनासुदीचं? मसाला?"

"सगल्या गावाचा," आई म्हणाली. "डॉक्टरबाईंच्या कम्प्युटरची डिस्क हाय ही. जुनी. ये."

आता काकी म्हणजे गावातली पहिल्या नंबरची चौकशी. कोणाच्या घरी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या त्यावरून कोण पाहुणे आलेत ते सांगते. मला वाटलं संपलं, आता ही विचारणार आत काय होतं, कोणाचं होतं, तुम्ही बघितलं का. काकीने एक अक्षर विचारलं नाही. घरात जाऊन पत्र्याची कात्री घेतली, कुंपणाचं फाटक उघडून आली, खाली बसली आणि वाकड्या झालेल्या चकत्या कातरायला लागली. पापडाचे तुकडे करावेत तशी. मी मधे मधे म्हणतेय, बास, आता काही वाचता येणार नाही, आणि दोघींपैकी एक पण थांबायला तयार नाही.

"आजून बारीक कर," काकी म्हणाली.

"करतंय ना," आई म्हणाली.

तेवढ्यात बाबा आले. पाटा पाहिला, वरवंटा पाहिला. "आगो! पूजेची वस्तू!"

"उत्तरपूजा झाली," आई म्हणाली. "हात धुवा, पुऱ्या तलते."

बाबा हात धुवायला गेले. उत्तरपूजेवर उत्तर नसतं त्यांच्याकडे. जेवताना मात्र मला म्हणाले, "एवढी कुटायची व्हती तं सकालीच सांगायचं." मी वरणात मीठ घातलं.

आज दसऱ्याला डॉक्टरबाई आल्या. आपट्याची पानं दिली, बाबांनी "सोन्यासारखे राहा" म्हटलं, त्या खुर्चीत हळूच बसल्या आणि माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांसमोर विचारता येईना त्यांना. मी "झालं" म्हणायच्या आत आई चहा घेऊन आली, कप त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "झालं, मॅडम. मी होते तिथं."

डॉक्टरबाईंनी आईच्या मनगटावर हात ठेवला. चहा निवला. मग त्या म्हणाल्या, "साखर बरोबर आहे गं," आणि त्यांनी अजून एक घोट पण घेतला नव्हता.

त्या गेल्यावर मी आईला विचारणार होते. खरंच विचारणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण आई बशा आवरत होती आणि तिच्या तोंडावर असं काहीतरी होतं, की मी म्हटलं, "भांडी मी घासते."

ती अजून सिंकमध्येच आहेत, आई येतेय बहुतेक, पटकन सांगा. तुमच्या आयांनी पण असं काही फोडलंय का हो कधी? आत काय होतं ते नका सांगू. फोडलं का, एवढंच सांगा.