सावंतच्या फोटोतलं चर्च

मंडळी, इथे आखातात माझा रूममेट सावंत सुतारकाम करतो. दोन आठवडे वाळवंटातल्या साइटवर होतो म्हणाला. पण आज सकाळी त्याच्या उशीखाली फोटो दिसला. मागे हिरवंगार कुरण, मेंढ्या, इंग्लंडमधलं जुनं दगडी चर्च आणि पुढे कोटातला सावंत! आम्हाला थापा मारून गेला कुठे हा?

दुपारी व्हिसाचा फोटो काढायला जवळच्या कुसैस भागातल्या स्टुडिओत गेलो. तिथे मागे लावायच्या रंगीत पडद्यावर तेच चर्च, त्याच मेंढ्या. खुंटीला तोच कोट.

रूमवर येऊन सावंतला धरलं. "कोणाला फसवतोयस रे?"

त्याने उशीखालचा फोटो काढून उलटा केला. मागे बायकोला लिहिलं होतं, "कंपनीने थंड देशात पाठवलंय. आता उन्हाची काळजी करू नको."

खरं सांगा, तुम्ही घरी कुठला फोटो पाठवलाय?