समोरच्या दाराचा हेवा

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोनच घरं. एक आमचं, एक समोरचीचं. मी तिला मनात कधीच नावाने हाक मारली नाही, ‘समोरची’च म्हणत आले. तिच्या तोंडावर मात्र गोड बोलते. ती मला भाभी म्हणते, मी तिला दीदी म्हणते, आणि आमच्या दोन दारांच्या मधल्या जागेत माझी निम्मी हयात जळण्यात गेली.

ते केरळचे, आम्ही खानदेशातले. दोघींचे नवरे तारापूरच्या एकाच कारखान्यात फिटर, एकाच बसने जाणारे, अंगाला एकच वास घेऊन परत येणारे. आधी आम्ही बोईसरला एकाच चाळीत होतो. मग एकाच बिल्डरकडे फ्लॅट घेतले, तेही समोरासमोर. सुरुवात इतकी सारखी होती, म्हणूनच पुढचं डोळ्यांत खुपलं. गावातल्या सावकाराचा कुणी हेवा करत नाही. आपल्याबरोबर नळावर बादली लावून उभी असलेली बाई पुढे गेली की पोटात दुखतं.

समोरची नर्स होती. बोईसरच्याच एका खाजगी दवाखान्यात लागली. तिचे पांढरे युनिफॉर्म ती माझ्याकडेच घट्ट करायला आणायची, कारण मी घरी ब्लाऊज शिवत असे. मी तोंडात टाचण्या धरून तिच्या कमरेशी वाकलेली, आणि ती ताठ उभी राहून घड्याळ बघतेय, ड्युटीला उशीर होतोय म्हणून. मीही बारावी चांगल्या मार्कांनी पास झाले होते. लग्नानंतर बालवाडीत शिकवायला बोलावत होते, तेव्हा आमच्या घरात विषय निघाला आणि संपला. माझ्या सासूबाई म्हणाल्या, फिटरच्या बायकोवर काय वेळ आली आहे कामाला जायची? शिवणाला काम म्हणत नाहीत, कारण ते घरात बसून होतं.

तिचीही सासू आली होती केरळहून. मी म्हटलं, आता कळेल हिला. पण ती म्हातारी आली ती थेट स्वयंपाकघरात शिरली, नातींना शाळेत सोडायला लागली, आणि सुनेच्या नाइट ड्युटीला डबा भरून द्यायला लागली. माझ्या सासूबाई यायच्या तेव्हा पाहुण्या म्हणून यायच्या आणि पलंगावरून चहात साखर कमी असल्याचं सांगायच्या. तेव्हापासून मी हिशोब सोडला. त्यांच्याकडे सासूसुद्धा उपयोगी पडते, यावर आपण काय बोलणार?

एकदा जिन्यात आमची मासेवाली बसली होती. शिरगावहून येते, जिभेला हाड नाही. समोरचीने भाव न करता सुरमई घेतली आणि आत गेली. मी घासाघीस करत राहिले. मासेवाली म्हणाली, “ती बग, घेतली नि गेली.”

“तिला परवडतं. बाहेरून आलेली माणसं ती, इथलं सगळं त्यांच्याच हातात गेलंय,” मी म्हटलं.

ती खो खो हसली. “नि तू गं कुठची? आमाला काय, तुमी दोगीबी भायेरच्याच. ती नर्सबाय हाय, तू नाय, येवडाच फरक.”

मी त्या दिवशी बोंबील घेऊन आत आले.

तिच्या दोन मुली. दोघींनी नर्सिंग केलं. त्यांच्यात त्यावर चर्चाच होत नाही, आपल्याकडे मुलीला पुरणपोळी यायलाच हवी म्हणतात तसं ते आहे. मोठी मंगळूरला शिकली आणि आता आयर्लंडला असते. धाकटी दिल्लीला. मोठी येते तेव्हा समोरची चॉकलेटांचं पाकीट माझ्या हातात ठेवते. मी ते फ्रिजमध्ये मागे सारून ठेवते, म्हणते, मला नाही आवडत ती कडू चॉकलेटं. मग दुपारी सगळे बाहेर असताना एकटी बसून संपवते.

आणि आमचं? मुलाने डिप्लोमा केला आणि बापाच्याच कारखान्यात कंत्राटावर लागला. आमच्या माणसांचं एकच दैवत, ‘पर्मनंट’. गावाहून पोरगा आला की त्याला सांगायचं, कुठेही चिकट, पुढे पर्मनंट होशील. पर्मनंट व्हायचे दिवस केव्हाच गेले, पण आमचा नवस फिटत नाही. आमचंही मंडळ आहे. दहावीच्या मुलांना स्टीलचे डबे देतं, हळदीकुंकू करतं, आणि एखाद्या कंपनीत जागा निघाली की तीच माणसं एकमेकांपासून लपवतात. का, तर माझ्या साडूचा मुलगा आहे ना! त्यांच्यातली नर्स कुठे लागली की तिच्यामागे आणखी चौघी लागतात. आमच्यातला कुणी लागला की दार आतून लावून घेतो.

तर या वर्षी माझ्या मुलीने बारावी केली आणि म्हणाली, मला नर्सिंगच करायचंय. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. लहानपणापासून ती समोरच्या घरात पडून असायची, तिथल्या मोठीची जुनी पुस्तकं आणायची. इकडे पालघर जिल्ह्यात तिला जागा मिळाली नाही, मंगळूरला मिळाली. ज्या कॉलेजात समोरचीची मोठी शिकली, त्याच. मी बाहेरून शांत होते. आतून मला नाचावंसं वाटत होतं. मुलीचं भलं होईल हे होतंच. पण त्याहून जास्त, खरं सांगते, समोरच्या दारासमोर आता माझंही दार उभं राहील असं वाटत होतं.

अडचण पैशाची नव्हती, ते यांनी जमवलं असतं. अडचण होती कानबाईची.

कानबाई आमच्या खानदेशाची. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, नारळाला नथ, डोळे, दागिने घालून चौरंगावर. सगळे भाऊबंद एका घरी जमतात. आमच्यात रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, करतात, त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मूठ गहू काढायचे. पाळण्यातल्या पोराच्या नावानेही मूठ निघते. बायकांच्या नावाने निघत नाही. बोईसर, पाम, पालघर, जिथे जिथे आमचे लोक कारखान्यांत आहेत ते सगळे या वर्षी आमच्याकडे आले. घराचे मोठे निर्णयही याच दिवशी होतात, कारण सगळे समोर असतात. लग्नं ठरतात, जमिनीचं ठरतं, आणि या वर्षी माझ्या मुलीचं ठरणार होतं.

पूजा झाली. पुरणपोळ्या उरकल्या. मग माझे जेठ, म्हणजे यांचे थोरले भाऊ, हात धुऊन भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, “पोरले इतली लांब धाडी ऱ्हायनात, तठे आपलं कोन शे?”

तिथे आपलं कोण आहे. एवढाच प्रश्न. आमच्यात या प्रश्नाला उत्तर नसलं की काम होत नाही. नोकरी, शिक्षण, तीर्थयात्रा, सगळीकडे आधी हेच विचारतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, नाशिकला बघा, तिथे आपले पुष्कळ आहेत. कुणी म्हणालं, आता स्थळंच बघायला लागा. माझी मुलगी स्वयंपाकघराच्या दारात ताटं हातात घेऊन उभी होती. आमच्या ह्यांनी छताकडे पाहिलं आणि म्हणाले, “बघू.”

यांचं ‘बघू’ म्हणजे नाही. एवढी वर्षं संसार केल्यावर मला ते चांगलं माहीत आहे.

मी पदराला हात पुसले आणि समोर गेले. दार वाजवेपर्यंत मला माहीत नव्हतं मी काय बोलणार आहे. तिच्याकडे मदत मागायची म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं. इतकी वर्षं मी तिच्याकडे विरजणसुद्धा मागितलं नाही, संपलं तर खाली दुकानात जाते. ती चर्चमधून आली होती, अजून बाहेरच्या साडीत होती.

मी सांगितलं. तिने मध्ये टोकलं नाही. मला वाटलं होतं, आता ही थोडी मोठेपणाने हसेल, किंवा निदान विचारेल की तुमचे लोक काय म्हणतात. मी उत्तरं तयार ठेवली होती, दोनतीन चांगली टोचरी होती. तिने फोन उचलला, कुणाशी तरी मल्याळममध्ये भरभर बोलली, मध्ये एकदा हसली, आणि फोन ठेवून म्हणाली, “हो गया भाभी. मेरी मौसी की लड़की उधर वार्ड सिस्टर है. स्टेशन पे आयेगी, होस्टल तक छोड़ेगी. रविवार को खाना उसके घर. तुम खाली ट्रेन और कोच मेरे को भेजो.”

एवढंच. मला तिथेच रडू आलं असतं, आणि तेही कृतज्ञतेने नव्हे. आमचे सगळे भाऊबंद जमून जे होत नाही ते हिने साडी न बदलता केलं होतं! एखाद्याने उपकार करताना जरा तरी त्रास घ्यावा, निदान कपाळावर आठी तरी आणावी. मी थँक्यू म्हटलं ते दारातूनच.

परत आले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “तिला स्टेशनवर घ्यायला येतायत. होस्टेलचंही बघतायत.”

जेठांनी विचारलं, कोण? मी म्हटलं, समोरच्यांचे लोक.

“मंग त्या लोक आपला कसा?” जेठ म्हणाले.

माझा तोल गेला. “आपल्या लोकांनी आजवर कुणाच्या पोरीला स्टेशनवरून आणलंय ते सांगा,” मी म्हटलं. “डबे वाटलेत, तेवढं माहीत आहे.” थोरल्यांसमोर मी एवढ्या वरच्या आवाजात कधी बोलले नव्हते, आणि तेही कानबाईसमोर.

मला वाटलं, आता हे मला आत जायला सांगणार. पण हे जेठांकडे न बघता म्हणाले, “जाऊ द्या तिला. समोरच्याच्या दोन्ही गेल्या. रोज बसमध्ये शेजारी बसून आयर्लंडच्या थंडीचं सांगतो मला. आपल्यालाही काही सांगायला नको का?”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मला वाटायचं या घरात जळते ती मी एकटीच. हे तर बसमध्ये बसून रोज जळत होते आणि घरी येऊन निवांत वरणभात जेवत होते. जेठांनी बडीशेप मागितली. मुलीच्या मायेने जे झालं नसतं ते दोघांच्या हेव्याने करून टाकलं. मी रात्री कानबाईची गाणी घसा बसेपर्यंत म्हटली.

निघायच्या दिवशी वसईला गाडीत बसवायला आम्ही तिघं गेलो, हे, मी आणि मुलगा. हे बरोबर जायचं म्हणत होते, पण यांची सुट्टी मंजूर झाली नाही आणि मुलाचा तर खाडा लागला असता. डब्यात नर्सिंगच्याच आणखी दोघी होत्या, समोरचीने शोधून काढलेल्या. मुलगी रडली नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाडी पोहोचायच्या आधीपासून फोन ओट्यावर समोर ठेवून बसले होते. भाजी चिरायला घेतली आणि चिरलीच नाही. फोन गप्प. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि माझी बेल वाजली. ती फोन पुढे करून उभी होती. “पहुँच गयी भाभी. देखो, इडली खा रही है.”

फोटोत माझी मुलगी होती. केस विस्कटलेले, तोंडात घास, आणि कुणा अनोळखी बाईचा हात तिच्या ताटात चटणी वाढत होता. पोहोचल्याची बातमी माझ्या मुलीची, आणि ती आधी समोरच्या घरात गेली. माझ्या पोटात जुनी आग उठली. पण मी फोटो बघत राहिले आणि ती आग नेहमीच्या वाटेने समोरचीकडे वळलीच नाही. मी बोईसरला पहिल्यांदा उतरले तेव्हा यांच्या मागे मागे बॅग उचलून चालत होते, कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. या पोरीला परक्या गावात कुणीतरी चटणी वाढत होतं, आणि पुढे तिचं स्वतःचं सगळं होतं, ड्युटी, पगार, आपली खोली. मला माझ्या मुलीचा हेवा वाटला. आईने सांगू नये असं हे आहे, पण वाटला.

मग माझा फोन वाजला. ती भरभर बोलत होती, होस्टेल, खोली, पाऊस, त्या ताई किती चांगल्या आहेत. “आणि आई, त्या ताईंनी विचारलं, तुझी आई काय करते?”

“मग?”

“मी सांगितलं, काही नाही करत, घरीच असते.”

मशीनवर कुणाचा तरी ब्लाऊज अर्धा शिवून पडला होता, संध्याकाळी द्यायचा होता. “बरोबर सांगितलंस,” मी म्हटलं, आणि नीट जेवत जा म्हणून फोन ठेवला.