काडीतलं पाणी

तुम्ही पाठवलेल्या दोन ब्रशांपैकी एक मी ज्यांना दिला, त्यांचं नाव मला अजून माहीत नाही. तुमच्या आजोबांच्या डायलिसिसला आम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी जातो, तेव्हा शेजारच्या खाटेवर या गृहस्थांच्या पत्नी असतात. चार-चार तास. हे गृहस्थ मिरजोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. काहीही बोलले तरी शेवटी "चालायचंच" म्हणतात.

ब्रशच्या दांडीत पाणी भरून ती दाबली की पाणी टोकाशी येतं, पेला लागत नाही. त्यामुळे खाटेपाशी बसूनच ते आरे-वारेचा समुद्र रंगवायचे, टोक रुमालाला पुसायचे आणि वही बायकोपुढे धरायचे.

या आजारात पाणी मोजून प्यावं लागतं. गेल्या शुक्रवारी बाई ब्रशकडे बघत म्हणाल्या, "मजा आहे हो त्या काडीची! माझ्यापेक्षा जास्त पाणी मिळतं तिला."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. उठून बेसिनपाशी गेले आणि ब्रश पिळून रिकामा करून आले.

काल ते पेन्सिलीने समुद्र काढत होते.

"अहो, रंग कुठे गेले?" बाईंनी विचारलं.

"संपले. चालायचंच."

त्यांच्या पायाशी पिशवी उघडी होती. आत रंगांची डबी निम्मी भरलेली मला दिसली. मी आजोबांचं पांघरूण सारखं करत राहिले.

"तुमच्या नातवंडांना लिहा ना," बाई मला म्हणाल्या, "रंग पाठवा म्हणावं."

लिहिते म्हटलं होतं, म्हणून लिहिलं. पाठवू मात्र नका.