आत्याच्या शिव्या विद्यापीठात

कोल्हापुरी बोलीतल्या शिव्यांवर मी पीएचडी केली. त्यातल्या निम्म्या शिव्या शिवाजी पेठेतल्या माझ्या आत्यानं पुरवल्या होत्या. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसला, तसा तिनं हट्टच धरला, "मला दाव की."

मी तिला घेऊन गेलो. जुन्या मोडी कागदांच्या शेजारच्या कपाटातून माझा जाडजूड प्रबंध काढून दिला. आत्यानं चष्मा लावला आणि माहिती देणाऱ्यांच्या पानावर बोट ठेवलं. तिथं मी नाव न देता लिहिलं होतं, 'एक वृद्ध महिला, शिवाजी पेठ.'

"वृद्ध? मी म्हातारी हाय व्हय रं?" असं म्हणून तिनं माझ्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला, की वाचत बसलेल्यांच्या माना वर झाल्या. त्याच सात पिढ्या आपल्याही आहेत, हे रागाच्या भरात तिच्या ध्यानात आलं नाही.

ग्रंथपाल बाई धावत आल्या. आता आम्हाला बाहेर काढणार, म्हणून मी माफी मागायला तोंड उघडलं. पण बाईंनी आत्यासाठी खुर्ची ओढली आणि हळूच म्हणाल्या, "मावशी, शेवटची तेवढी परत म्हणा की. आमच्या मुरगूडला कधी ऐकली न्हाय."

आत्या ऐसपैस बसली. मी मुकाट्यानं मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.