आबांनी पेरलेला गुलखैरा

गोव्यात आमच्या मुळगावच्या घरी पाहुणा चहा पिऊन उठायला लागला, की कोणीतरी म्हणतंच, "गुलखैऱ्याचा किस्सा ऐकला?" झालं! एकामागून चार निघतात, पाहुणा परत बसतो आणि मी परत चहा टाकते.

गुलखैरा म्हणजे हॉलीहॉक नावाचं फुलझाड. माझा नवरा मोपाच्या विमानतळावर कामाला. त्याच्या एका पहाडी सहकाऱ्याने गावाहून येताना बी आणलं. ती पुडी माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, ताब्यात घेतली. आबा मूळचे सावंतवाडीकडचे, पाळी गावच्या खाणीवर डंपर चालवून रिटायर झालेले. त्यांनी जाहीरच केलं, "पयला फूल देवीक!"

*

पेरताना आबांनी दोन बियांमध्ये चांगलं दोन हात अंतर सोडलं. मी म्हटलं, "एवढं कशाला?"

"गे, ओव्हरटेक करताना घासतली मा!"

*

पानं आली ती थेट भोपळ्यासारखी. शेजारच्या शेवंतीकाकींना राहवेना. त्यांनी हौसेने बांबू आणून वेलासाठी माटव, म्हणजे मांडव, घालून दिला. दोन महिने झाले, वेल काही चढेना. "आबा, तुमचो भोपळो भारी आळशी!" आबा नुसते पाणी घालत राहिले. पावसाळ्यात त्याच माटवावर आबांनी डंपरची जुनी ताडपत्री टाकली आणि झाडं कुजण्यापासून वाचवली, तेव्हा काकींना कळलं, की हा भोपळा नव्हेच. त्या भडकल्याच!

आबा म्हणाले, "आधी सांगलंय असतंय तर माटव खंयसून गावलो असतो?"

*

वर्ष सरलं, एक कळी नाही. गुलखैरा पहिल्या वर्षी नुसती पानंच देतो, हे आम्हाला कुठे ठाऊक! नर्सरीवाल्याकडे गेलो, तर त्याने निकालच लावला, "थंड मुलखातलं झाड ते. इथे फुलायचं नाही."

आबा म्हणाले, "मियां तरी खंय हयसरलो? फुललंय मा?"

सावंतवाडीहून येऊन इथे रुजलेल्या आबांचा त्या दिवशी मला इतका अभिमान वाटला, की घरी येऊन मी शिरा केला.

*

दुसऱ्या वर्षी, शिगम्याच्या तोंडावर, माझ्या डोक्याच्याही वर हातभर देठ आणि त्यावर बशीएवढं गुलाबी फूल! जाणारे ट्रक आमच्या दाराशी थांबू लागले. जुने ड्रायव्हर विचारत, "आबा, झाडाक काय घातलंस?"

"फर्स्ट गियरात ठेवलंय. घाई नाय!"

*

पहिलं फूल घेऊन आम्ही देवळात गेलो. परक्या मुलखातलं फूल बघून भटजी अडले. "हें भायलें फूल. देवीक चलना." आबांचा चेहरा एवढासा झाला. दोन वर्षांची मेहनत! माझ्याने बघवेना. मी म्हटलं, "मग देवीलाच विचारा की!"

आमच्याकडे देवीला विचारायचं म्हणजे मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. भटजींनी त्याच फुलाच्या दोन पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. माणसं जमली. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. आरती झाली, घंटा घणघणल्या. उजवी हलेना, डावीही हलेना!

भटजी घामाघूम. "आता हाचो अर्थ कितें?"

आबांनी हात जोडले. "देवीक आवाडला हा, भटजीनू. ती सोडूकच तयार नाय!"