बिनव्याजी पाटल्या

ऐंशीच्या दशकात आम्ही घाटकोपरला चाळीत राहायचो. नवरा काविळीने अंथरुणाला खिळला, तेव्हा मी सासूबाईंच्या पाटल्या गहाण ठेवल्या. सोनाराकडे नाही, कुर्ल्याच्या मशिदीमागे मुसलमानांची बिनव्याजी संस्था होती, तिथे. माझ्यासोबत कारखान्यात बल्ब पॅक करणारी रत्नागिरीची मैत्रीण मला घेऊन गेली होती. ती म्हणाली, "आमच्यात व्याज हराम. कागदपत्रांचा खर्च तेवढा घेतात. जात विचारत नाहीत गं."

ही गोष्ट शेजारच्या काकूंना कळली आणि माझी झोप उडाली. "व्याज घेत नाहीत, मग खातात काय?" त्या म्हणाल्या. "तुझं सोनंच! पाटल्या गेल्या समज." अख्खी चाळ तेच बोलू लागली. सासूबाईंना तर मी काही सांगितलंच नव्हतं.

त्यात दोन हप्ते चुकले. तिसऱ्या महिन्यात, एका रविवारी, दाढीवाले, टोपी घातलेले एक गृहस्थ चाळीत माझं नाव विचारत आले. गॅलरीतली सगळी दारं उघडली. आता हा सगळ्यांसमोर तमाशा करणार, सासूबाई ऐकणार.

ते उंबऱ्याबाहेरच थांबले. "बाई, दोन महिने आला नाहीत. घरात सगळं ठीक ना?"

मी दारातून बाजूला झाले. त्यांनी आत नवऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मुदत वाढवायला अर्ज करा. पाटल्या कुठे जात नाहीत." पाणीसुद्धा न घेता ते गेले.

"आज गोड बोलतोय," काकू म्हणाल्या. आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. पुढचे पाच महिने मी रोज भीत होते.

नवरा कामावर रुजू झाला, पैसे फिटले. त्याच गृहस्थांनी पाटल्या माझ्या हातात ठेवल्या. मी घरी गेले नाही. त्या घडवणाऱ्या आमच्या सोनाराकडे सरळ गेले आणि कसोटीवर घासून बघायला लावल्या. सोनार म्हणाला, "अहो, तुमच्याच आहेत. सोनं चोख आहे."

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने विचारलं, "मिळाल्या ना?"

"मिळाल्या," मी म्हटलं. सोनाराचं मात्र तिला कधीच सांगू शकले नाही.