सदतिसावं काडतूस

त्या शनिवारी सकाळी नेमबाजीच्या क्लबात दहा गोळ्या सरळ कागदाच्या मधोमध बसल्या. डीन पोटावर झोपून नेम धरत होता आणि त्याचा बाप जेराल्ड तुस्कानो मागे उभा राहून दुर्बिणीतून भोकं मोजत होता. अकराव्या वेळी जो आवाज आला, तो गोळी सुटल्याचा नव्हताच. पत्र्याच्या शेडवर कुणी ट्रक घातला असं वाटलं. रायफल मधोमध फाटली होती. डीनच्या डाव्या हाताची तीन बोटं जागेवर नव्हती, गालाचं कातडं लोंबत होतं आणि उजव्या कानातून रक्ताची धार लागली होती. वीस वर्षांचा पोरगा, पण ओरडला नाही. त्या हाताकडे नुसता बघत राहिला.

जेराल्डनं अंगातला शर्ट काढून हात बांधला. क्लबच्या माणसांनी वाळूतून बोटं शोधून बर्फात घातली. अँब्युलन्स आली. आता बापानं पोराशेजारी बसायला हवं होतं की नको? कुणालाही विचारा. पण जेराल्ड बसला नाही. अँब्युलन्स गेटबाहेर पडेपर्यंत तो तसाच उघडा उभा होता, आणि मग वळून तडक कोठाराकडे चालू लागला.

कोठारात खैरुद्दीन होता. पाकिस्तानातल्या स्वातकडचा, चाळिशीचा, काडतुसांच्या पेट्या उचलणारा मदतनीस. "भाई, बच्चा कैसा है?" असं तो विचारतच होता, तेवढ्यात जेराल्डनं त्याची मानगूट धरून त्याला भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग भिंतीला टेकवलेली रायफल पुसायची सळई हाताला लागली. खांद्यावर, बरगड्यांवर, शेवटी तोंडावर. "तूने हाथ लगाया बारूद को! तूने!" एवढंच तो बडबडत होता. खैरुद्दीन धिप्पाड माणूस, मनात आणता तर जेराल्डला उचलून बाहेर फेकता. त्यानं फक्त डोकं हातांनी झाकून घेतलं. चौघांनी मिळून जेराल्डला ओढलं, तेव्हा फरशीवर दोन दात पडले होते.

आता हा जेराल्ड काही गुंड नव्हे हो. वसईचा, बागायतदाराचा मुलगा, दर रविवारी चर्चमध्ये मिसाला जाणारा, दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बावीस वर्षं सरळमार्गानं राहणारा. दुबईपासून तासाभरावर वाळवंटात जो नेमबाजीचा क्लब आहे, तिथे काडतुसं भरण्याचं काम त्याच्याकडे. झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या साफ करायच्या, नवी टोपी बसवायची, मोजून बंदुकीची दारू घालायची, वर शिसं दाबायचं. मोठमोठे शेख विचारायचे, "जेराल्डने भरा है? तो बस, खलास, दे दो." त्याच्या हाताची अशी ख्याती.

ही विद्या घरातली. जंगलाकडच्या शेतात डुकरं यायची म्हणून जेराल्डच्या बापाकडे लायसनची रायफल होती, आणि पावसाळा सरला की आख्खं कुटुंब जेवणाच्या टेबलाशी बसून काडतुसं भरायचं. कशी? तर रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ म्हणत. बाप "नमो मरिये" म्हणत दारू घालणार, भाऊ "पवित्र मरिये" म्हणत शिसं दाबणार. एक मणी, एक काडतूस. दहा-दहा मण्यांची पाच दशकं, असे रोझरीचे पन्नास मणी सरले की पन्नासाचा डबा भरला, मोजायला नको. तोंड देवाच्या नावात गुंतलं की मन भटकत नाही, असं बापाचं म्हणणं. मध्ये प्रार्थनेखेरीज कुणी चकार शब्द काढला की बाप तिथल्या तिथे कानाखाली काढायचा. जेराल्डनं अशा कितीतरी खाल्ल्या होत्या. "म्हणून तर माझा हात असा तयार झाला," असं तो अभिमानानं सांगायचा.

दुबईत त्यानं ती रीत जशीच्या तशी चालवली. घरी असलं काही करायला परवानगी नाही, म्हणून मॅनेजरला विचारून दर शनिवारी दुपारी क्लबच्या भरणखोलीत तिघं बसायची. बायको सिसिलिया पुंगळ्या पुसून टोप्या बसवायची, जेराल्ड दारू घालायचा, डीन शिसं दाबायचा. डीन क्लबकडून स्पर्धेत उतरायचा, त्याची सरावाची हलकी, कमी दारूची काडतुसं ही अशी घरचीच. सिसिलिया मरीनातल्या हॉटेलात आठवडाभर पाहुण्यांची तोंडं बघून कंटाळलेली असायची. ती म्हणायची, "आपली एवढी एकच दुपार एकत्र असते." आणि कानाखालीची रीतही चालूच होती. पोरगा सहा फूट उंच झाला, युनिव्हर्सिटीत गेला, तरी भरताना बोलला की जेराल्डचा हात उठायचा. सिसिलिया मान खाली घालून पुंगळ्या पुसत राहायची.

आदल्या शनिवारी रोझरी चालू असताना खैरुद्दीननं दार ठोठावलं होतं. "जेराल्ड भाई, मॅनेजर साब बुला रहा. यल्ला, जल्दी." जेराल्डच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं दारात जाऊन खैरुद्दीनला चार शिव्या हासडल्या, मॅनेजरकडे जाऊन आला, येताना पाहतो तर खैरुद्दीन दारूच्या डब्यापाशी उभा राहून सिसिलियाला काहीतरी विचारत होता. पुन्हा शिव्या. झालं एवढंच. पण स्फोटानंतर जेराल्डला दुसरं काही आठवेचना. स्वतःचा हात चुकेल ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरतच नव्हती.

पोलीस आले. मारहाणीचं म्हणाल, तर खैरुद्दीन गप्पच होता, आणि मॅनेजरनं सगळ्यांना तोंड बंद ठेवायला बजावलं होतं. जेराल्डनं कागदावर लिहून दिलं, की या माणसानं दारूत काहीतरी मिसळलं. बावीस वर्षांच्या इमानदार माणसाचा शब्द. त्या डब्यातली उरलेली एकोणचाळीस काडतुसं उघडून बघितली, सगळी बरोबर निघाली. पण पेट्या उचलणाऱ्या गड्याची बाजू घेणार कोण? खैरुद्दीनला गाडीत घालून नेलं. सुजलेल्या तोंडानं तो फक्त एवढंच म्हणाला, "अल्ला देख रहा है." जेराल्ड त्याच्या अंगावर पुन्हा धावून गेला.

तिसऱ्या दिवशी डीनला नीट शुद्ध आली. बोटं जोडता आली नव्हती. सिसिलिया त्याला चमच्यानं पेज भरवत होती आणि जेराल्ड खाटेच्या पायथ्याशी उभा राहून, आपण त्या हरामखोराला कसा धडा शिकवला, ते सांगत होता. दात पडल्याचं सांगताना त्याला बरं वाटत होतं.

"डॅड, स्टॉप," डीन म्हणाला. "इट वॉजन्ट हिम."

"तुला काय माहीत?"

"आय वॉज देअर. फोर्थ डेकेड, सेव्हन्थ बीड. यू हॅड ऑलरेडी पुट द पावडर इन. देन ही नॉक्ड. यू केम बॅक अँड स्टार्टेड द प्रेयर अगेन. फ्रॉम द बिगिनिंग."

सिसिलियाचा चमचा हवेतच राहिला. जेराल्डला काही क्षण कळेना, आणि मग कळलं. अर्धी टाकलेली प्रार्थना तशीच पुढे म्हणायची नाही, मरियामातेचा अपमान होतो, पहिल्यापासून म्हणायची. हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. त्यानं रागानं धुमसत "नमो मरिये" पुन्हा म्हटलं होतं आणि प्रार्थनेबरोबर हातही आपसूक चालला होता. त्याच सदतिसाव्या पुंगळीत दुसऱ्यांदा दारू. हलकं काडतूस, आत जागा भरपूर, दुप्पट दारू बिनबोभाट मावली.

"तू बघितलंस?" जेराल्डनं विचारलं. "दारू वर आलेली तुला दिसली?"

"यस."

"मग बोलला का नाहीस? अरे गाढवा, तोंड का नाही उघडलंस?"

डीननं बापाकडे बघितलं. "यू वर सो अँग्री दॅट डे. आय लुक्ड ॲट यू अँड यू रेज्ड युअर हँड. सो आय सेड माय पार्ट अँड प्रेस्ड इट इन." मग म्हणाला, "आय थॉट, डॅड नोज. डॅड नेव्हर मेक्स अ मिस्टेक. मग म्हटलं, ते एक बाजूला ठेवू. नंतर ते कुठलं तेच कळेना. इट्स माय फॉल्ट."

आणि तो रडायला लागला. बोटं गेली तेव्हा रडला नव्हता तो पोरगा, आता हमसून हमसून रडत होता. सिसिलियानं पेजेची वाटी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे वळली. पंचवीस वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती. "ऐकलंस ना जेरी? तुझ्या हाताच्या भीतीनं माझ्या लेकराचा हात गेला. आणि त्या गरीब माणसाला तू ढोरासारखं मारलंस. चालता हो इथून. जा, आणि ते लिहून दिलेलं मागे घेतल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

जेराल्ड गेला. त्यानं टॅक्सी धरली. सगळं सांगितलं तर नोकरी जाणार, व्हिसा जाणार, तुरुंगही होईल, हे त्याला लख्ख कळत होतं. वाटेत दोनदा त्यानं ड्रायव्हरला "गाडी घुमाओ" म्हणायला तोंड उघडलं. काडतूस मी बिघडवलं, हे मोठ्यानं म्हणण्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्याला वाटत होतं.

ठाण्यात अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं. त्याला हिंदी चांगलं येत होतं. दारू दोनदा घातली, खोटं लिहून दिलं, सळईनं मारलं, जेराल्डनं एकेक करून सगळं ओकून टाकलं. मग खैरुद्दीनला आणून समोर बसवलं. तोंड अजून काळंनिळं होतं. अधिकारी त्याला म्हणाला, की तू सुटला आहेस, आणि आता या माणसाला माफ करायचं की नाही, ते तुझ्या हातात आहे. केलंस तर मारहाणीचं प्रकरण बरंच हलकं होईल.

जेराल्ड खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसला. "खैरुद्दीन भाई, गलती हो गयी. बच्चे का हाथ गया, दिमाग ठिकाने पे नहीं था."

"झूठ लिखा, वो माफ," खैरुद्दीन बोबड्या, फुटक्या तोंडानं म्हणाला. "बच्चे का बाप था, पागल हो गया, चलो. लेकिन मारा, वो माफ नहीं. तू बच्चे के लिये नहीं मारा. तुझे आदत है. मैंने हर शनिचर देखा है." आणि उठून, एकदाही मागे न बघता, तो बाहेर गेला.

जेराल्डला लाज वाटली, आयुष्यात पहिल्यांदा, खरीखुरी. आत नेण्याआधी त्याला एक फोन करू दिला. सिसिलियानं उचलला. मागून डीनच्या हुंदक्यांचा आवाज येत होता.

"सिसी, सांगितलं मी सगळं," जेराल्ड म्हणाला. "मला ठेवताहेत इथे. ते जाऊ दे. डीनला फोन देऊ नकोस, फक्त सांग त्याला. म्हणावं, तुझी काही चूक नाही. तू गप्प बसलास ते बरोबरच होतं. बोलला असतास, तर मी तुला मारलंच असतं."